ऑपरेशनआधीचे पेय आणि कमला सोहोनींचा प्रश्न

ऑपरेशनची तारीख ठरली की नंदनवनातल्या घरातही आता प्रोटीन पावडरचा डबा येतो. तो कशासाठी?

शस्त्रक्रिया बरे करण्यासाठी असली तरी शरीराच्या लेखी ती जखमच. दाह वाढवणारे रासायनिक संदेश सुटतात, कॉर्टिसोल वाढते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि दुरुस्तीचा माल म्हणून स्नायूंमधले प्रथिन मोडले जाते. आधीच खंगलेल्या माणसाकडे हा साठा कमी असतो. अमेरिकेतील सर्जन हायरम स्टडली यांनी १९३६ मध्ये अल्सरच्या रुग्णांची नोंद मांडली. २० टक्क्यांहून अधिक वजन घटलेल्यांपैकी एक तृतीयांश रुग्ण ऑपरेशननंतर दगावले, बाकीच्यांत हे प्रमाण ३.५ टक्के होते.

त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत एम.एस्सी. झाल्या. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण, जन्म इंदूरचा. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या परीक्षाकाळाची अट घालून त्यांना घेतले. आज वाचतानाही ही अट खटकते. तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधील प्रथिनांवर काम केले. केंब्रिजमध्ये बटाट्यात सायटोक्रोम सी शोधून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि त्या मायदेशी परतल्या.

१९४७ मध्ये लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईत विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. पोटात गेलेले शरीराला खरोखर किती लागते, हा त्यांच्या कामामागचा प्रश्न. प्रथिनांचे पचन अडवणाऱ्या ट्रिप्सिन इनहिबिटरवर त्यांनी संशोधन केले. कच्च्या कडधान्यांतले हे घटक शिजवल्यावर बरेच निष्प्रभ होतात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासली. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिचा फायदा दिसला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

म्हणून ऑपरेशनआधी नीरा प्यावी असे नाही, ती लवकर आंबते. घरोघरी होणारा घोळ वेगळाच आहे. प्रोटीनचे पेय आधीचे काही दिवस घ्यायचे असते, अशक्त रुग्णाने तर एक-दोन आठवडे. भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालते ते फक्त साखरयुक्त, गाळीव, पारदर्शक पेय. त्याने इन्सुलिनचा प्रतिसाद कमी बिघडतो. दूध किंवा प्रोटीन शेक त्या वेळी घेतला तर भुलेत तो पोटातून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा अन्न उशिरा पुढे सरकण्याचा त्रास असल्यास दोन्ही पेयांबाबत भूलतज्ज्ञांना आधी विचारावे.

सोहोनींना संस्थेचे संचालकपद मिळायला चार वर्षे उशीर झाला. पुढे त्या ग्राहक चळवळीत रमल्या, भेसळीवर लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.