व्यापाऱ्याचा मदरसा : ख्वाजा महमूद गावान (रह.)

माहूरचे नाव घेतले की रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर, सोनापीर बाबांचा दर्गा आणि पैनगंगेच्या खोऱ्यातला तो जुना गड डोळ्यांसमोर उभा राहतो. हाच गड एके काळी एका प्रांताचे मुख्य ठाणे होता, हे मात्र खुद्द माहूरकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक आहे. पंधराव्या शतकात बहामनी सल्तनतीच्या वजिराने वऱ्हाडचा अवाढव्य सुभा दुभागला. एका भागाचे ठाणे गाविलगड झाले, दुसऱ्याचे माहूर. हा वजीर म्हणजे ख्वाजा इमादुद्दीन महमूद गावान. त्यांनी आखलेले प्रांत कधीच विरून गेले. बिदर शहरात त्यांनी बांधलेला मदरसा मात्र अर्धा ढासळलेल्या अवस्थेत का होईना, आजही उभा आहे. बिदर आपल्याला परके नाही. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, आणि त्या भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात बिदर अजूनही शेजारच्या गावासारखे येते.

ख्वाजासाहेबांचा जन्म इ.स. १४११ च्या सुमारास इराणच्या उत्तरेला, कॅस्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतात झाला. गावान हे त्यांच्या गावाचे नाव, तेच पुढे त्यांच्या नावाला चिकटले. घराणे प्रतिष्ठित आणि राजदरबाराशी संबंध असलेले होते. पण दरबार म्हटला की कारस्थाने आलीच. त्यांना कंटाळून या तरुणाने पदाचा मोह सोडला आणि व्यापाराचा मार्ग धरला. आपल्या दीनमध्ये प्रामाणिक व्यापाऱ्याचे स्थान केवढे उंच आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदीनेस आले, तेव्हा अन्सारी बंधूने देऊ केलेली अर्धी मालमत्ता त्यांनी नम्रपणे नाकारली आणि बाजाराचा रस्ता तेवढा विचारून घेतला. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करीत, आणि त्या नफ्यातून गरीब विद्यार्थ्यांचा व आलिमांचा खर्च चालवीत. शिक्षणाचा खर्च व्यापारातून उचलण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. महमूद गावान त्याच परंपरेतले.

व्यापाराच्या निमित्ताने ते देशोदेशी फिरले आणि जेथे गेले तेथे आलिमांच्या बैठकीत बसले. इ.स. १४४० च्या सुमारास कैरो येथे हाफिज इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांची त्यांची भेट झाली. बुखारी शरीफवरील ज्यांचा ‘फत्हुल बारी’ हा ग्रंथ आजही प्रत्येक मोठ्या मदरशात अभ्यासला जातो, तेच हे इब्ने हजर. मालाच्या गाठोड्यांबरोबर एवढ्या मोठ्या मुहद्दिसाची सोबत लाभलेला व्यापारी पुढे मदरसा बांधतो, यात नवल वाटत नाही.

इ.स. १४५३ मध्ये ते समुद्रमार्गे कोकणातील दाभोळ बंदरात उतरले. हेतू दोन होते. एक व्यापार, आणि दुसरा बिदर येथे राहणारे बुजुर्ग शाह मुहिब्बुल्लाह यांची भेट. वय तेव्हा चाळिशी ओलांडलेले. या वयात माणूस सहसा नवी सुरुवात करीत नाही. पण बिदरला सुलतान अलाउद्दीन अहमदशाह यांनी या पाहुण्याचे ज्ञान आणि व्यवहारचातुर्य ओळखले आणि त्यांना दरबारात ठेवून घेतले. नलगोंड्याचे बंड मोडण्याची कामगिरी त्यांनी पार पाडली. पुढच्या सुलतानाने त्यांना ‘मलिकुत्तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब दिला. त्यानंतर तख्तावर एकामागून एक दोन अल्पवयीन मुले बसली, तेव्हा राजमाता नर्गिस बेगम यांच्यासोबत राज्य सांभाळणाऱ्या मंडळात ख्वाजासाहेब होते. इ.स. १४६६ नंतर सल्तनतीचा सारा कारभार त्यांच्या हाती आला. दरबारी कारस्थानांना विटून देश सोडलेला माणूस अखेर परक्या देशाच्या दरबारात सर्वोच्च आसनावर बसला. अल्लाहची मर्जी!

त्यांच्या मोहिमांचा तपशील येथे देत नाही. कोकणातील किल्ले आणि इ.स. १४७२ मध्ये गोवा त्यांनी जिंकून घेतले, एवढे पुरे. युद्ध म्हटले की रक्तपात आणि लूट आलीच, आणि कोणाच्या थोरवीसाठी ते झाकण्याचे कारण नाही. त्याच सुमारास निकितिन नावाचा रशियन व्यापारी बिदरला येऊन गेला. त्याने अमीर-उमरावांचे वैभव आणि खेड्यातील रयतेची दैना, दोन्ही लिहून ठेवले आहे. ख्वाजासाहेबांच्या कारकिर्दीचे चित्र पाहताना ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी.

त्यांची खरी बुद्धी दिसते ती राज्यकारभाराच्या सुधारणांत. चार अवाढव्य सुभ्यांचे त्यांनी आठ प्रांत केले. माहूर त्यांपैकीच एक. प्रत्येक प्रांताधिकाऱ्याच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाने नेमलेले किल्लेदार बसवले. जमिनीची मोजणी करवली. सैनिकांच्या नावाने पैसा घेऊन सैनिक न ठेवणाऱ्या सरदारांकडून त्या रकमा वसूल होऊ लागल्या. ज्यांची बेहिशेबी मिळकत यामुळे बंद झाली, ते त्यांचे शत्रू झाले. दरबारात आधीच दोन तट होते. इराण-अरबस्तानातून आलेले ‘आफाकी’ आणि येथे रुजलेले ‘दखनी’. ख्वाजासाहेब स्वतः आफाकी होते, पण प्रांत वाटताना त्यांनी दोन्ही तटांचा तोल राखला. माहूर हबशी सरदार खुदावंदखान याला दिले आणि गाविलगड फतहुल्लाह इमादुल्मुल्क याला. तोल राखणाऱ्यावर दोन्ही बाजूंचा राग असतो, हे मात्र टळले नाही.

आता त्यांच्या मदरशाकडे वळू.

हा मदरसा हिजरी ८७६, म्हणजे इ.स. १४७१-७२ मध्ये पूर्ण झाला. त्याचे वर्ष ज्या रीतीने नोंदवले गेले, ती मोठी हृद्य आहे. काबागृहाच्या भिंती उचलताना हजरत इब्राहीम (अ.स.) आणि हजरत इस्माईल (अ.स.) यांनी आपले श्रम कबूल व्हावेत म्हणून अल्लाहपाशी जी दुआ केली, तिच्या शब्दांतील अक्षरांची अब्जद गणनेप्रमाणे बेरीज केली की नेमके ८७६ येते. एका शायराने हा योग हेरला. ज्यांना अब्जद येते त्यांनी घरी मुलांना घेऊन ही बेरीज जरूर करून पाहावी.

इमारत सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद आहे. मध्ये मोकळे अंगण, चारी बाजूंनी तीन मजले. समरकंद आणि खुरासानातील मदरशांचा नमुना समोर ठेवून ती बांधली गेली, आणि दख्खनमध्ये असे काही पूर्वी कोणी पाहिले नव्हते. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगांच्या चिनी मातीच्या फरश्या आणि त्यांवर कुरआनच्या आयती. कोपऱ्यांवर उंच मिनार. हे सारे डोळ्यांत भरते. पण रंगांपाशी न थांबता आत जावे. आत मशीद आहे, ग्रंथालय आहे, व्याख्यानांसाठी प्रशस्त दालने आहेत, उस्तादांच्या राहण्याच्या खोल्या आहेत आणि विद्यार्थ्यांसाठी हुजरे आहेत. नमाज, वाचन, पाठ, निवास आणि उस्तादाची सोबत, हे सगळे एका छताखाली. विद्यार्थ्याला जेवणाची किंवा राहण्याची चिंता नको, अशी व्यवस्था होती. उंच कमानींतून उजेड-वारा आत येतो. पुस्तक वाचणाऱ्या डोळ्यांचा विचार करून बांधलेली ही वास्तू आहे, असे तेथे उभे राहिल्यावर वाटत राहते.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. आपल्या भागात आजही मदरसे उभे राहतात, आणि लोक पोटाला चिमटा घेऊन चंदा देतात. पण पैसा आधी घुमटाला आणि मिनाराला लागतो. मग फरशी, मग झुंबर. उस्तादांचा पगार महिना-महिना थकतो आणि पुस्तकांचे कपाट एका कोपऱ्यात कुलूपबंद असते. ख्वाजासाहेबांनीही मिनार बांधले, सजावटही केली. पण त्यांची जास्त धडपड माणसे आणि ग्रंथ मिळवण्यासाठी होती. दूरदूरच्या आलिमांना त्यांनी पत्रे धाडली. हिरातचे थोर शायर आणि सूफी मौलाना जामी यांनाही दख्खनला बोलावले. मौलाना आले नाहीत, पण दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. ख्वाजासाहेबांची ही पत्रे ‘रियाजुल इन्शा’ या संग्रहात आहेत, त्यांत उस्मानी सुलतानाला लिहिलेलीही आहेत. शिवाय ‘मनाझिरुल इन्शा’ हा पत्रलेखनाच्या कलेवरील ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला. राज्याचा सारा व्यवहार ज्या काळी पत्रांवर चाले, त्या काळी हा ग्रंथ म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती रोजगाराचे साधन देणारे पाठ्यपुस्तकच होते. वजिराने सवड काढून असे पुस्तक लिहावे, याचे मला मिनारांपेक्षा अधिक कौतुक वाटते.

एवढ्या सत्तेत राहून त्यांचे स्वतःचे जगणे कसे होते, हे त्यांच्या शेवटावरून कळते.

इ.स. १४८१ मध्ये सुलतान मुहम्मदशाह आंध्रातील कोंडपल्ली येथे छावणी करून होता. विरोधकांनी ख्वाजासाहेबांच्या मुद्रा सांभाळणाऱ्या गुलामाला फितवले आणि कोऱ्या कागदावर त्यांची मुद्रा उठवून घेतली. मग त्या कागदावर ओडिशाच्या राजाला चढाईचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले गेले, आणि ते योग्य वेळी सुलतानापुढे ठेवण्यात आले. सुलतान नशेत होता. त्याने ख्वाजांना बोलावणे धाडले. हितचिंतकांनी न जाण्याचा सल्ला दिला, पण ते गेले. मुद्रा माझी आहे, पत्र माझे नाही, एवढेच त्यांनी सांगितले. सुलतानाने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी, सुमारे सत्तरीच्या वयात, त्यांचा शिरच्छेद झाला. शराबला आपल्या शरीअतने सर्व दुष्कृत्यांची जननी का म्हटले आहे, याचे याहून दुःखद उदाहरण दख्खनच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

सुलतानाला वाटले, वजिराच्या घरी अपार संपत्ती असेल. त्याने खजिनदाराला बोलावून हिशेब मागितला. इतिहासकार फिरिश्ताने हा प्रसंग तपशिलाने नोंदवला आहे. ख्वाजांचे दोन खजिने होते. एक सुलतानाचा, ज्यातून फौज, घोडे आणि हत्ती यांचा खर्च चाले. दुसरा गरिबांचा. दोन्हींत मिळून फार थोडी रक्कम निघाली. जहागिरीच्या उत्पन्नातून फौजेचा खर्च भागल्यावर जे उरे, ते ख्वाजासाहेब सुलतानाच्या नावाने खैरात करीत. त्यातली एक कवडीही स्वतःसाठी नाही. मग घर कशावर चालत होते? इराणहून येताना त्यांनी चाळीस हजार लारी एवढे भांडवल बरोबर आणले होते. वजीर झाल्यावरही ते त्यांनी व्यापारात फिरते ठेवले होते. त्याच्या नफ्यातून रोज बारा लारी स्वयंपाकघराला आणि कपड्यांना लागत. बाकीचा नफा आईला, नातलगांना आणि दूरदेशीच्या गरजूंना जाई. ते स्वतः चटईवर झोपत आणि मातीच्या भांड्यांत शिजलेले अन्न खात. तीन हजार ग्रंथ निघाले, पण ते विद्यार्थ्यांसाठी आहेत, असे खजिनदाराने सांगितले.

सार्वजनिक पैसा आणि घरचा पैसा यांच्यामधली ही भिंत त्यांनी पंधरा वर्षे सांभाळली. हे बोलायला सोपे आहे. मशिदीच्या, शाळेच्या किंवा वक्फच्या कमिटीवर जे बसतात, त्यांना ते किती कठीण आहे याची कल्पना असेल.

हे सारे ऐकून सुलतान खजील झाला, पण वेळ निघून गेली होती. माहूरचा खुदावंदखान आणि गाविलगडचा इमादुल्मुल्क यांनी आपल्या फौजा सुलतानाच्या छावणीपासून वेगळ्या नेल्या. पुढच्याच वर्षी सुलतान मरण पावला, आणि काही वर्षांत सल्तनतीचे तुकडे होऊन वऱ्हाड, अहमदनगर आणि विजापूर येथे नवी घराणी उभी राहिली.

मदरसा मात्र त्यानंतरही टिकून राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस, मोगलांच्या अमलात, इमारतीत दारूगोळा साठवलेला असताना मोठा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा बराचसा हिस्सा एका मिनारासह कोसळला. उरलेला मिनार, निळ्या फरश्यांचे पट्टे, अंगण आणि विद्यार्थ्यांचे हुजरे आज पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत. ख्वाजासाहेबांची कबर बिदरजवळच आहे. उदगीर-देगलूरकडून जाणाऱ्यांना सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. मुलांना बरोबर न्यावे, आणि कबरीपाशी फातिहा पढून मदरशात शिरल्यावर आधी ते हुजरे दाखवावेत.