सवाई गंधर्व: अर्धांगाने अडवलेला सूर

१९४२ साली रामभाऊ कुंदगोळकर यांना अर्धांगवायूचा झटका आला. वय छप्पन्न. ख्यालगायकाच्या आयुष्यात हा काळ बहुधा परिपक्वतेचा असतो; गळा स्थिरावलेला, विचार पक्का झालेला आणि शिष्य दारात उभे. रामभाऊंचा जीव वाचला, पण त्यांची मैफल तिथेच संपली. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा त्यांना सवाई गंधर्व या नावाने ओळखत होता.

रामभाऊंचा जन्म १९ जानेवारी १८८६ चा, कुंदगोळचा. हुबळीपासून जेमतेम वीस किलोमीटरवरचे हे गाव तेव्हा जमखंडी संस्थानात मोडत असे. वडील गणेश सौंशी हे गावच्या नाडगीर घराण्याकडे कारकुनी करीत. नाडगीरांच्या वाड्यात गाण्याला मान होता आणि त्याच वाड्यावर किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येत असत. प्रारंभीचे धडे बळवंतराव कोल्हटकर यांच्याकडे गिरवलेला हा मुलगा खाँसाहेबांच्या हाती लागला आणि सुमारे आठ वर्षे त्यांच्या कडक शिस्तीत राहिला. आपल्या केसरबाई केरकरांनाही लहानपणी काही महिने याच खाँसाहेबांची तालीम मिळाली होती, हे गोमंतकीय रसिकांना ठाऊक असेलच.

रामभाऊंचा गळा मुळात गोड नव्हता. वयात येताना आवाज फुटला तो जाड आणि हट्टी झाला. खाँसाहेबांचा सूर रेशमासारखा, आणि शिष्याचा असा. रामभाऊंनी तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीने वळवला. पुढेही मैफलीत त्यांचा आवाज तापायला वेळ लागे. जाणकार श्रोते तेवढा वेळ थांबत, कारण एकदा सूर लागला की मग त्या गाण्याला तोड नसे. रियाज म्हणजे केवळ घशाचा व्यायाम, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. श्वास, स्वरयंत्र, टाळू आणि जीभ यांना क्षणाच्या सूक्ष्म अंशात एकत्र आणणारे आदेश मेंदूतून सुटतात. तीच आलापी हजार वेळा घोटली जाते, तेव्हा चेतापेशींमधले संबंध दृढ होत जातात. रामभाऊंचे गाणे असे मेंदूत घडवलेले होते, आणि म्हणूनच अर्धांगाचा घाव नेमका वर्मी बसला.

मधल्या काळात ते रंगभूमीवर गेले. नाट्यकला प्रवर्तक मंडळीत त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि नाट्यपदांना ख्यालाची डूब दिली. बालगंधर्वांचे युग होते. त्यांच्याशी तुलना अटळच होती, आणि अमरावतीला दादासाहेब खापर्डे यांनी रामभाऊंना ‘सवाई’ ठरवले, म्हणजे एकाला सव्वा. पदवी तुलनेतून आलेली असली तरी तीच पुढे नाव होऊन बसली.

नाटकाचा संसार आटोपून ते कुंदगोळला स्थिरावले, आणि त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम इथून सुरू झाले. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने शिकायला येत. गदग भागातून घर सोडून निघालेला भीमसेन जोशी नावाचा पोरगा त्यांच्या घरी पाणी भरत शिकला. मुंबईचे फिरोज दस्तूर आले. बसवराज राजगुरूंनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. शिकवण्याची रीत कमालीची सावकाश होती. थोडेच स्वर घ्यायचे आणि ते अंगात मुरेपर्यंत पुढे सरकायचे नाही.

अर्धांगात मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. रक्तावाचून त्या भागातल्या चेतापेशी काही मिनिटांत मरू लागतात, आणि त्वचेच्या पेशींसारख्या त्या पुन्हा भरून येत नाहीत. स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी प्रौढ मेंदूतल्या चेतामार्गांना जवळजवळ अपरिवर्तनीय ठरवले होते, आणि वैद्यकाने ते मुकाट्याने स्वीकारले होते. १९४२ मध्ये मेंदूचे छायाचित्र घेणारे सीटी यंत्र नव्हते. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला अर्धांगासाठी मान्यता मिळायला अर्धशतक जायचे होते. हुबळीचे वैद्यकीय महाविद्यालयही १९५७ चे. विश्रांती, मालिश आणि धीर यांपलीकडे वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते.

योगायोग असा की, त्याच सुमारास इटलीतल्या तूरिन शहरी एक तरुण स्त्री चेतापेशींचे मरण अभ्यासत होती. ज्यूविरोधी कायद्यांमुळे रीता लेवी-मोंताल्चिनी यांना विद्यापीठाबाहेर पडावे लागले होते. त्यांनी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातले गर्भ तपासायला घेतले. बाँबवर्षाव वाढला तेव्हा त्या हे सारे घेऊन खेड्यात गेल्या. चेतापेशी का जगते आणि का मरते, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

इकडे रामभाऊ आजारी शरीराने शिकवत राहिले. जे स्वतःच्या गळ्यातून निघेना, ते ते शिष्यांच्या गळ्यातून काढून घेत. १९४६ मध्ये त्यांच्या साठीच्या सोहळ्यानिमित्त पुण्यात भीमसेन गायले आणि त्या गाण्याने त्यांच्या कीर्तीची सुरुवात झाली. १२ सप्टेंबर १९५२ रोजी रामभाऊंचे पुण्यात निधन झाले.

त्याच १९५२ साली लेवी-मोंताल्चिनी गाठी असलेले उंदीर घेऊन रिओ दि जानेरोला गेल्या. काचेच्या भांड्यात गाठ आणि चेतापेशी शेजारी ठेवल्या, त्यांचा परस्परांना स्पर्शही नव्हता, तरी चेतापेशींना सूर्यकिरणांसारखे तंतू फुटले. गाठीतून काही तरी पाझरत होते. पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा काढला. चेतावर्धक घटक असे त्याचे वर्णन करता येईल, आणि १९८६ चे नोबेल या दोघांना मिळाले.

आजच्या मूलपेशी-संशोधनाचे धागे तिथपर्यंत पोहोचतात. अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून घेतलेल्या मूलपेशी मेंदूत जाऊन नव्या चेतापेशी बनतील, अशी सुरुवातीची आशा होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत वेगळेच दिसले. टोचलेल्या बहुतेक पेशी काही आठवड्यांत नाहीशा होत, तरीही सुधारणा टिकून राही. काम पेशीने नव्हे, तिच्या स्रावाने केले होते. या स्रावात चेतापेशींना जगवणारी प्रथिने असतात, सूज शमवणारे रेणू असतात, आणि एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या. डेट्रॉइटच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की या पिशव्यांमधला एक लहानसा आरएनए उरलेल्या चेतापेशींना नवे तंतू फुटायला मदत करतो. मेलेली पेशी परत येत नाही. शेजारची जिवंत पेशी मात्र तिच्या वाटेवर हात पुढे करू शकते, आणि हे तंतू योग्य जागी रुजायला पुन्हा सराव लागतो.

माणसाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. भारतातल्या पाच केंद्रांत अर्धांगाच्या १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतल्या पेशींची चाचणी झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: उपचार सुरक्षित, पण लाभ दिसला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता मूलपेशींचा प्रत्येक वापर हा प्रयोग आहे. तो मान्यताप्राप्त चाचणीतच करावा लागतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांनी, लाखोंचा आकडा सांगणाऱ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढण्यापूर्वी, हे माहीत करून घेतलेले बरे.

रामभाऊंच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९५३ मध्ये, पुण्यात त्यांची पुण्यतिथी गाण्याने साजरी झाली. तिच्यामागे त्यांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे होते आणि भीमसेनांसह शिष्यपरिवार होता. पुढे तिचा सवाई गंधर्व महोत्सव झाला. कुंदगोळलाही नाडगीरांच्या वाड्यात त्यांच्या स्मरणार्थ मैफली होतात; जिथे खाँसाहेब गायले, त्याच वाड्यात.