विश्लेषण : कसाबला जिवंत पकडून देणारे तुकाराम ओंबळे कोण होते? पोलीस स्मृतिदिन २१ ऑक्टोबरलाच का?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. आदल्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर शहीद झालेल्या पोलिसांची नावे परेडमध्ये वाचली जातात. त्यातली बहुतेक नावे आपण पहिल्यांदाच ऐकतो आणि विसरतो. महाराष्ट्र मात्र एक नाव विसरलेला नाही: सहायक फौजदार तुकाराम ओंबळे.

केडंब्याहून मुंबईत

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे हे ओंबळे यांचे गाव. आधी ते लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये होते. तिथून नाईक पदावरून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये ते मुंबई पोलीस दलात दाखल झाले. २००८ मध्ये ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात होते. घरी पत्नी आणि चार मुली होत्या.

त्या रात्री चौपाटीवर काय घडले?

२६ नोव्हेंबर २००८. सीएसएमटी आणि कामा रुग्णालय परिसरात गोळीबार करून अजमल कसाब आणि अबू इस्माईल पळवलेल्या स्कोडा गाडीतून निघाले होते. वायरलेसवर संदेश आला आणि डी. बी. मार्ग पोलिसांनी गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लावली.

मध्यरात्रीनंतर गाडी आली आणि बॅरिकेडच्या अलीकडेच थांबली. वळवण्याच्या प्रयत्नात ती दुभाजकावर अडकली. चकमकीत इस्माईल ठार झाला. कसाब शरण येतोय असे वाटत असतानाच त्याने एके-४७ रोखली. ओंबळे यांच्याकडे फक्त लाठी होती. त्यांनी पुढे झेप घेऊन रायफलची नळी पकडली. पोटात गोळ्या लागल्या, तरी पकड सुटली नाही. त्यामुळे मागच्या सहकाऱ्यांना गोळ्या लागल्या नाहीत आणि त्यांना कसाबला पकडता आले. ओंबळे मात्र वाचले नाहीत.

जिवंत पकडणे इतके महत्त्वाचे का ठरले?

हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो एकटा कसाब. हल्लेखोरांकडे भारतीय कॉलेजांची बनावट ओळखपत्रे होती. सगळेच मारले गेले असते, तर ते कुठून आले हे सिद्ध करणे फार अवघड गेले असते. आधी नाकारणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये कसाब आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले. विशेष न्यायालयाने ६ मे २०१० रोजी त्याला फाशीची शिक्षा सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली.

२१ ऑक्टोबरच का?

१९५९ मध्ये याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्स येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात सीआरपीएफचे १० जवान शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळण्याचे १९६० मध्ये ठरले. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले तेही २०१८ च्या २१ ऑक्टोबरला. त्या वेळी तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या ३४,८४४ पोलिसांची नावे होती.

ओंबळे यांची आठवण कुठे कुठे?

२६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाण्यात सापडलेल्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला 'आयसियस तुकारामी' हे नाव दिले. केडंब्यातील स्मारकासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले.

स्मृतिदिनाला वाचल्या जाणाऱ्या यादीत बहुतेक जण शिपाई, हवालदार आणि फौजदार असतात. त्यांच्या नावाने पुतळे उभे राहत नाहीत. ओंबळेही त्याच रांगेतले होते. यंदा २१ ऑक्टोबरला ती यादी वाचली जाईल, तेव्हा दोन मिनिटे थांबून ती नावे नक्की ऐका.