अँतोनियो एगास मोनिझ

अँतोनियो एगास मोनिझ (२९ नोव्हेंबर, १८७४:अव्हांका, पोर्तुगाल - १३ डिसेंबर, १९५५:लिस्बन) हे पोर्तुगीज मज्जासंस्थातज्ज्ञ होते. ते १९१८मध्ये पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री होते. राजकारण सोडल्यावर त्यांनी मेंदूची अँजिओग्राफी विकसित केली.

साध्या क्ष-किरण चित्रात मेंदूतील रक्तवाहिन्या दिसत नाहीत. मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य टोचल्यास त्या उमटतील आणि जागेवरून सरकलेल्या वाहिन्यांवरून गाठीचे स्थान कळेल, असे मोनिझ यांचे अनुमान होते. त्यांचे हात संधिवाताने अधू असल्याने प्रत्यक्ष कामात पेद्रो आल्मेडा लिमा यांची मदत होई. आरंभी वापरलेल्या स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. सोडियम आयोडाइडचे द्रावण घेतल्यावर जून १९२७मध्ये स्पष्ट चित्र मिळाले. पुढे वापरात आलेले थोरोट्रास्ट चित्रे उत्तम देई. पण त्यातील किरणोत्सर्गी थोरियम यकृतात साठून राही व अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवे.

मोनिझ यांना १९४९चे नोबेल पारितोषिक (वॉल्टर हेस यांच्यासह विभागून) मिळाले ते मात्र या शोधासाठी नव्हे, तर आज त्याज्य ठरलेल्या ल्युकोटॉमी या मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी. अँजिओग्राफी अजूनही वापरात आहे. आता मांडीतील किंवा मनगटातील रोहिणीतून नळी सरकवून वाहिन्यांतील फुगवटे व अडथळे शोधतात. पक्षाघाताचा धोका अल्प असला, तरी पूर्णपणे टळलेला नाही.