पावसाची चित्रे काढणारे हिरोशिगे

जपानमध्ये हिरोशिगे नावाचे फार मोठे चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म १७९७ साली एदो शहरात झाला. एदो म्हणजे आताचे टोकियो. तिथली घरे लाकडाची, म्हणून सारख्या आगी लागायच्या. त्यांचे वडील आग विझवणाऱ्या पथकात होते.

१८०९ साली त्यांची आई वारली. त्याच वर्षी वडीलही वारले. हिरोशिगे तेव्हा बारा वर्षांचे होते. म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे! वडिलांची नोकरी त्यांना करावी लागली. पण त्यांचा जीव चित्रांत होता. नोकरी सांभाळून ते तोयोहिरो या गुरूंकडे चित्रे शिकले.

१८५५ साली एदोत मोठा भूकंप झाला. आगी लागल्या, शहर पार मोडले. पुढच्याच वर्षी हिरोशिगेंनी एदोची शंभर चित्रे काढायला घेतली. ती शंभराच्याही वर गेली.

त्यातले १८५७ सालचे पावसाचे चित्र मला फार आवडते. नदीवर लाकडी पूल आहे. वर काळेकुट्ट ढग. एकदम सर आली आहे. माणसे छत्र्या धरून, कपडे वर खोचून पळत आहेत. नदीत एकच माणूस ओंडक्यांचा तराफा चालवतोय, त्याला पळायला जागाच नाही. पलीकडचा काठ नुसता पुसट दिसतो.

पाऊस कसा काढला? नुसत्या बारीक रेघा! पण त्या लाकडात कोरायच्या होत्या. हिरोशिगेंचे चित्र पातळ कागदावर असायचे. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवत. मग कोरणारा कारागीर रेघ तेवढी ठेवायचा आणि बाजूचे लाकूड काढून टाकायचा. रेघ केसासारखी बारीक, जरा हात हलला की तुटली. प्रत्येक रंगाची फळी बहुधा वेगळी. तिसरा कारागीर फळीला रंग लावून वर कागद ठेवायचा आणि घासायचा. ढगाचा रंग तो फळीवरच पुसून फिका करायचा. मला वाटते त्या दोघांचेही नाव मोठे व्हायला पाहिजे होते. एका फळीवरून पुष्कळ चित्रे निघत, म्हणून ती स्वस्त मिळत.

१८५८ साली एदोत पटकीची साथ आली. त्या साथीत हिरोशिगे वारले.

पुढे १८८७ साली व्हॅन गॉग या चित्रकाराने पॅरिसमध्ये हे पावसाचे चित्र पाहून तसेच रंगवले. भोवती जपानी अक्षरेही काढली. त्याला जपानी वाचताच येत नव्हते, तरी काढली!