युरियाच्या गोणीमागचा माणूस : फ्रिट्झ हेबर

आपल्या येवल्यात कांद्याची लागवड झाली की घरोघरी युरियाच्या गोण्या येतात. हवेतले वायू शिकवताना मी त्या गोणीपासूनच सुरुवात करते. युरियाने पात हिरवीगार होते, कांदा पोसतो. पण जास्त झाला, किंवा लागवडीला साठ दिवस उलटल्यावर टाकला, की मान जाड राहते आणि कांदा चाळीत सडतो. हे वर्गातली पोरं घरूनच शिकून येतात, चाळीतला सडका कांदा निवडायला तीच तर बसतात!

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. त्यापासून अमोनिया बनवला जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेबर यांनी. जन्म १८६८, ब्रेस्लाऊ शहरात, ज्यू कुटुंबात. १९०९ मध्ये प्रचंड दाब आणि उष्णता देऊन त्यांनी प्रयोगशाळेत थेंब थेंब अमोनिया मिळवला. १९१३ मध्ये कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला. आजचा युरियाही अशाच अमोनियापासून बनतो.

याच हेबर यांनी १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर विषारी क्लोरीन वायू सोडवला. त्यांची पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्रज्ञ. थोड्याच दिवसांत तिने नवऱ्याच्याच पिस्तुलाने जीव दिला. मुलांना हे सांगावं का? मी चौथीला सांगत नाही, सातवीला सांगते.

हेबर यांना १९१८ चं नोबेल मिळालं ते अमोनियासाठी. १९३३ मध्ये हिटलरची राजवट आली आणि ज्यू म्हणून त्यांना देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात ते वारले.