खुराड्यातला उजेड

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या मनीचे छायाचित्र काढण्याच्या नादाला लागलो होतो. मनी म्हणजे आमची मांजरी. आमचे घर जुने, कौलारू. माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. उजेड काय तो सोप्यातल्या एकाच खिडकीतून येतो. त्या खिडकीखाली आजी तांदूळ निवडत बसते आणि मनी तिला चिकटून. यंदा भावकीत वाटण्या झाल्या. हे घर पाडायचे ठरले. ती खिडकी, ती आजी आणि ती मांजरी एका चित्रात धरून ठेवावी, एवढीच माझी इच्छा होती.

पण मोबाईलचा फ्लॅश चमकला की मनी एका उडीत माळ्यावर! फ्लॅश बंद केला तर उजेड अपुरा. अपुऱ्या उजेडात कॅमेऱ्याला चित्र घ्यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात मनी मान फिरवते. भिंत स्पष्ट, आजी स्पष्ट आणि मांजरीच्या जागी नुसते धुके. एका चित्रात मात्र मनी स्थिर होती, आणि तिच्याकडे पाहून हसताना आजीच हलली होती. मला ते फार आवडले. मी ते एका स्पर्धेला पाठविले. अस्पष्ट आहे, असा शेरा घेऊन ते परत आले.

मी हिरमुसलो. त्याच दिवसांत ग्रंथालयात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची हकीकत वाचनात आली आणि माझे दुःख अगदीच किरकोळ वाटू लागले.

ज्युलियाबाईंचा जन्म 11 जून 1815 रोजी कलकत्त्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच घराण्यातली. शिक्षण बरेचसे फ्रान्समध्ये झाले. 1836 मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे गेल्या असता त्यांची विख्यात खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांच्याशी ओळख झाली. हर्शेल हे छायाचित्रणाच्या रसायनशास्त्रातलेही मोठे नाव. ही नवी कला जन्माला आली तेव्हा तिचे नमुने त्यांनी ज्युलियाबाईंना पाठविले होते. पण स्वतः कॅमेरा हाती धरण्याचा योग यायला पुढे वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

1838 मध्ये चार्ल्स हे कॅमेरॉन या कायदेपंडिताशी त्यांचा विवाह झाला. 1848 मध्ये कुटुंब इंग्लंडला परतले आणि 1860 मध्ये वाइट बेटावरील फ्रेशवॉटर या गावी स्थायिक झाले. कवी टेनिसन हे शेजारी. स्वतःची मुले, सांभाळायला घेतलेली मुले, आल्यागेल्याचा राबता अशा मोठ्या संसारात बाईंची वयाची अठ्ठेचाळीस वर्षे सरली. 1863 च्या नाताळात मुलीने व जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. आईचा वेळ बरा जावा, एवढाच त्यांचा हेतू.

बाईंनी मात्र घर उलथेपालथे केले. कोळशाच्या खोलीची अंधारखोली झाली. कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करून तिथे चित्रगृह थाटले. वाचकहो, कोंबड्यांच्या जागी पुढे इंग्लंडातले नामवंत विद्वान येऊन बसणार होते!

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखा बोटाचा खेळ नव्हता. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ते सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचे आणि काच ओली आहे तोवर चित्र घेऊन धुवायचेही. वाळली की सारे फुकट. हातांवर काळे डाग पडत. विजेचा दिवा नाही. जो काय उजेड तो काचेतून येणारा. बाई तो मोकळेपणी सगळीकडून येऊ देत नसत. पडदे सारून एका अंगाने घेत, म्हणजे चेहऱ्याचा अर्धा भाग उजळे आणि अर्धा सावलीत बुडे. उजेड असा कमी केल्यावर समोरच्या माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. लहान मुले, घरातल्या मोलकरणी, भाच्या, पाहुणे, कोणाचीही यातून सुटका नव्हती. मेरी हिलियर ही त्यांची मोलकरीण कितीतरी चित्रांत येशूची माता होऊन बसली आहे.

जानेवारी 1864 मध्ये ॲनी नावाच्या लहान मुलीचे एक चित्र साधले. ते त्यांनी आपले पहिले यश मानले. 1867 मध्ये हर्शेल त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. काळोखातून वर आलेला तो वृद्ध चेहरा आणि पांढऱ्या केसांवर पडलेला उजेड एकदा पाहिला की विसरत नाही. कार्लाइल, टेनिसन आणि 1868 मध्ये डार्विन यांचीही चित्रे त्यांनी घेतली.

चित्रे किंचित धूसर असत. भिंग जुळविताना चेहरा सुंदर दिसू लागला की त्या तिथेच थांबत. रेषा न् रेषा काटेकोर करण्याच्या भरीस पडत नसत. छायाचित्रणाच्या नियतकालिकांनी यावर कडक टीका केली. बाईंना तंत्रच येत नाही, काचेवरचे ओरखडे व बोटांचे ठसेही त्यांना दिसत नाहीत, असा सूर होता. ओरखड्यांची तक्रार खोटी नव्हती. पण धूसरपणा त्यांनी सोडला नाही. चित्रकार मंडळींनी मात्र त्यांची बाजू घेतली. 1865 मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली आणि 1868 मध्ये कामासाठी दोन खोल्याही दिल्या.

1875 मध्ये हे दांपत्य सिलोनला गेले. तिथे त्यांचे कॉफीचे मळे होते. मळ्यांवर राबणाऱ्या माणसांचीही काही चित्रे बाईंनी घेतली. पण विद्वानांची नावे चित्रांखाली राहिली, तशी यांची राहिली नाहीत, हे नमूद केले पाहिजे. 26 जानेवारी 1879 रोजी त्यांचे सिलोनमध्येच निधन झाले. जेमतेम पंधरा वर्षांत त्यांनी सुमारे नऊशे चित्रे मागे ठेवली.

हे वाचून माझे परत आलेले चित्र थोर ठरते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बाईंचा धूसरपणा निवडीचा होता, माझा निव्वळ अपघाताचा. पण एक गोष्ट कळली. त्या उजेडाच्या मागे धावल्या नाहीत. माणसाला उजेडापाशी आणून बसविले आणि मग वाट पाहिली. मीही तेच केले. आजीचा पाट खिडकीच्या अगदी जवळ, पण बाजूला सरकविला. मागच्या दांडीवर काळी घोंगडी टाकली. समोरचे दार लोटून घेतले. मनी मात्र काही विद्वान नव्हे; तिला बस म्हणून सांगता येत नाही. तेव्हा वाटीभर दूध पाजून ती पेंगुळेपर्यंत अर्धा तास थांबलो. शेजारच्या काकूंनी मध्येच कानडीत बेक्कु, बेक्कु म्हणून हाक मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

अखेर चित्र आले. मनीची एक मिशी न् मिशी मोजता येते. ते आता आजीच्या पेटीत आहे. नव्या घराचा आराखडा परवा आला. त्यात सोपा नाही. आजीसाठी एक खिडकी तेवढी मी मागून घेतली आहे. आणि ते परत आलेले धूसर चित्र? ते माझ्या वहीत आहे. आजीचे हसू त्या एकाच चित्रात आले आहे.